जुनंच नाव, नवी नौका : नीलगिरी, खुकरी, विक्रांत... बुडालेल्या जहाजाचं नाव परत द्यावं का?

खाडीकाठ (नेरूळ)

१५ जानेवारी २०२५ ची सकाळ. टीव्हीवर मुंबईच्या नौदल गोदीतला कार्यक्रम चालू होता. सुरत, नीलगिरी आणि पाणबुडी वाघशीर, तिघी एकाच दिवशी ताफ्यात दाखल होत होत्या. बाबांच्या हातात चहाचा कप होता. 'नीलगिरी' ऐकल्यावर ते एकदम म्हणाले, "नीलगिरी? अरे, ती तर कधीच गेली."

बाबांचं म्हणणं बरोबर होतं. पहिली नीलगिरी माझगाव गोदीत बांधली गेली आणि ३ जून १९७२ ला नौदलात आली. आपल्या देशात बांधलेली ती पहिली मोठी फ्रिगेट (एका प्रकारची युद्धनौका). बाबा तेव्हा विशीत होते, भाऊच्या धक्क्यावर उभं राहून त्यांनी ती पाहिली होती. १९९६ मध्ये ती निवृत्त झाली. आताची नीलगिरीही माझगावचीच, पण जुनी साधारण ११३ मीटर लांब होती आणि ही १४९ मीटर आहे. रडारला कमी दिसावी म्हणून हिच्या बाजू तिरक्या, सपाट ठेवल्या आहेत. बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "नाव ठेवलं ते बरं केलं."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. पाणबुड्यांचंच बघा. माझगावात बांधलेल्या नव्या सहा पाणबुड्या म्हणजे कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वाघशीर. ही सहाही नावं जुन्या सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्यांची. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला रिगा बंदरात आपल्या नौदलात आली, म्हणून आजही ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन असतो. ती १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि नवी कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये आली. मधली २१ वर्षं त्या नावाची पाणबुडीच नव्हती. पहिली खांदेरी १९८९ मध्ये गेली, दुसरी २०१९ मध्ये आली. म्हणजे तीस वर्षांची पोकळी.

जुन्या पाणबुड्या एकूण आठ होत्या. राहिलेल्या दोन म्हणजे वागली आणि कुरसुरा. यातली कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून अजून उभी आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लोखंड वेगळं, माणसं वेगळी, काम वेगळं, मग नव्या नौकेत जुनीचं नेमकं काय येतं? आणि दुसरी, जी मला जास्त छळते : जी नौका माणसांसकट बुडाली, तिचं नाव पुन्हा द्यावं का? माझ्या मनात अर्थातच १९७१ च्या युद्धात बुडालेली खुकरी आहे.

सागरवेध (ठाणे पश्चिम)

धागा आवडला. पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आपल्या नौदलात नावं ठरवायला अंतर्गत समिती असते. ढोबळ रीत अशी की विनाशिकांना शहरांची नावं, फ्रिगेटना पर्वत, नद्या किंवा शस्त्रं, कॉर्व्हेट या छोट्या युद्धनौकांना खुकरी, किरपाण, कुठार अशी हातातली हत्यारं. निवृत्त नौकांची नावं आधी विचारात घेतली जातात. त्यामुळे दिल्ली, म्हैसूर, तलवार, त्रिशूळ ही सगळी नावं दुसऱ्यांदा आली.

पहिल्या दिल्लीची गोष्ट मला फार आवडते. ती मुळात 'अकिलीस' ही ब्रिटिश युद्धनौका. डिसेंबर १९३९ मध्ये प्लेट नदीच्या मुखापाशी जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'शी झालेल्या लढाईत ती न्यूझीलंडच्या खलाशांसह लढली. १९४८ मध्ये आपण ती घेतली आणि तिची 'दिल्ली' झाली. १९७८ पर्यंत ती सेवेत होती. म्हणजे तिथे लोखंड तेच राहिलं आणि नाव बदललं. १९९७ मध्ये माझगावने नवी दिल्ली बांधून दिली, तेव्हा नाव तेच राहिलं आणि लोखंड बदललं.

ब्रिटिशांकडे तर नाव म्हणजे वंशावळच. 'आर्क रॉयल' पहिल्यांदा १५८७ ची, स्पॅनिश आरमाराविरुद्धच्या लढाईत प्रमुख नौका. नंतर पहिल्या महायुद्धात त्याच नावाची समुद्री विमानं नेणारी नौका. तिसरी विमानवाहू, नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. त्यानंतरही आणखी दोन झाल्या, शेवटची २०११ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्याकडे जुन्या नौकेचे युद्धसन्मान नव्या नौकेला मिळतात. लढायांची नावं आणि सालं कोरलेला फलक नौकेवर लावलेला असतो. कालच दाखल झालेला विशीतला खलाशीसुद्धा येता-जाता तो वाचतो. तुमच्या 'काय येतं' या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे असं मला वाटतं.

डॉकवाला_कळवा

मी माझगाव डॉकमध्ये वेल्डर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. या विषयावर मला बोलायलाच हवं, कारण दुसऱ्या खुकरीवर माझा हात लागलाय.

कळव्याहून सकाळची गाडी, सँडहर्स्ट रोडला उतरून हार्बर, मग डॉकयार्ड रोड. तिथून चालत गेट. असं सगळं आयुष्य गेलं. गोदीत जहाजाला नाव नसतं, यार्ड नंबर असतो. ड्रॉइंगवर नंबर, स्टोअरच्या चिठ्ठीवर नंबर, फोरमन हाक मारणार तीही नंबराने. चार-चार वर्षं आपण एका जहाजाच्या पोटात घालवतो आणि त्याला नंबराने ओळखतो. त्यामुळे नाव कळतं तो दिवस वेगळा असतो.

आमच्या या जहाजाचं नाव खुकरी असणार, हे कळलं तेव्हा मी तळातल्या टाकीत काम करत होतो. तिथे आडवं पडून वेल्डिंग करावं लागतं. उन्हाळ्यात खालचा पत्रा अंगाला चटका देतो, धूर ओढून घ्यायला पंखा लावलेला असतो तरी डोळे चुरचुरतात. माझ्यासोबत एक वयस्कर फिटर होते. जुनी खुकरी दुरुस्तीला आली असताना ते तिच्यावर चढलेले. त्यांना त्यातली माणसं चेहऱ्याने आठवत होती. नाव ऐकल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, टाकीच्या भोकातून वर आले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते माझी प्रत्येक शिवण, म्हणजे वेल्डचा जोड, हाताने चाचपून बघायचे. तपासणीला माणसं असायचीच, एक्स-रे निघायचे, तो त्यांचा विभागही नव्हता. तरी बघायचे. एका ठिकाणी वेल्डमध्ये बारीकसं छिद्र राहिलं होतं, सुईच्या टोकाएवढं. त्यांनी खडूने गोल केला आणि म्हणाले, "पोरा, या नावाच्या जहाजात असलं चालणार नाही." मी घासून काढून परत भरलं. तो खडूचा गोल अजून डोळ्यासमोर आहे.

१९८६ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. पाहुण्यांचा नारळ पुढे फुटला, आमचा मागे, स्लिपवेच्या, म्हणजे जहाज पाण्यात सोडायच्या उताराच्या, कडेला. २३ ऑगस्ट १९८९ ला नौदलात गेली. त्या जातीच्या क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेटमधली ती पहिलीच. २३ डिसेंबर २०२२ ला विशाखापट्टणमला तिचा झेंडा उतरवला, म्हणजे तेहतीस वर्षं चालली. माझ्या शिवणी तेहतीस वर्षं टिकल्या.

काय येतं विचारलंत ना? आमच्या बाजूने सांगायचं तर हे येतं. नाव ठाऊक झाल्यावर हात वेगळा चालतो.

सागरवेध (ठाणे पश्चिम)

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

याला जोड म्हणून एक सांगतो. अमेरिकेची विमानवाहू 'लेक्सिंग्टन' मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात बुडाली. ती ज्या गोदीत बांधली होती, मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीला, तिथे तेव्हा 'कॅबट' नावाची दुसरी विमानवाहू तयार होत होती. गोदीतल्या कामगारांनी मागणी केली की हिला लेक्सिंग्टन नाव द्या. नौदलाने ते मानलं. ती नौका १९९१ पर्यंत सेवेत होती. मागणी कामगारांकडून आली होती, हे महत्त्वाचं.

घोडबंदर_रोडवाला

छान चर्चा चाललीय. विक्रांतही यात येतेच ना? जुनी १९४५ ची आणि नवी २०२२ ची.

खाडीकाठ (नेरूळ)

थोडी दुरुस्ती. २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली, पण 'हर्क्युलिस' म्हणून. महायुद्ध संपलं आणि ती अर्धवटच पडून राहिली. १९५७ मध्ये आपण ती घेतली, पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला ती विक्रांत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंडित नेहरू होते. १९७१ मध्ये तिच्यावरच्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार इथे हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्ती.

ऐरोली_सेक्टर

जुन्या विक्रांतवर मी शाळेच्या सहलीत गेलो आहे. ती काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून होती. खालच्या हँगरमधला तेलाचा आणि जुन्या रंगाचा वास आठवतो, आणि वर आल्यावर डेकवरचा वारा. एवढ्याशा लांबीवरून विमान उडत होतं यावर विश्वास बसत नव्हता.

२०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झालं. २०१४ मध्ये लिलावात गेली, दारूखान्याला, जिथे जहाजं तोडतात तिथे नेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि नोव्हेंबरात तोडायला सुरुवात झाली. मी तेव्हा शिवडीला नोकरीला होतो. मुद्दाम जाऊन लांबून पाहिलं. पुढचा भाग कापून नेलेला, आतले मजले उघडे पडलेले, इमारतीची भिंत पाडल्यावर खोल्या दिसाव्यात तसे. मी परत गेलो नाही. तिच्या पोलादातलं काही वितळवून बजाजने मोटरसायकलच्या टाकीत वापरलं, २०१६ मध्ये. माझ्या मावसभावाने ती गाडी घेतली, अजून रोज पुसतो.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत दाखल झाली. २६२ मीटर लांब, आपण स्वतः बांधलेली. हिचा आर ११ हा क्रमांक जुन्या विक्रांतचा. 'जयेम सं युधि स्पृधः' हे हिचं ऋग्वेदातलं ब्रीदही जुन्या विक्रांतचं. आणि जुन्या विक्रांतवरची १९६१ ची पितळी घंटा जपून ठेवली होती, ती नंतर नव्या नौकेवर नेली. त्या घंटेवर 'विक्रांत' कोरलेलंच होतं, नवं काही लिहावं लागलं नाही. नाव तेच ठेवल्याचा अर्थ मला तिथे पटला.

कोपरी_पूर्व

मी जरा वेगळं लिहिणार आहे, कोणी वाईट वाटून घेऊ नका.

आमच्या चाळीत एक काकू आहेत. त्यांचे यजमान पहिल्या खुकरीवर होते. ९ डिसेंबर १९७१ ची रात्र. दीवच्या जवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'चा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत नौका गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः नौकेबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. काकूंना तेव्हा एकवीसावं लागलं होतं आणि मुलगा पाच महिन्यांचा होता, हे चाळीबाहेर कोणाला ठाऊक नाही.

१९८९ मध्ये पेपरात आलं, 'खुकरी नौदलात दाखल'. मी तेव्हा शाळेत होते. काकूंनी पेपर घडी करून आमच्या आईकडे दिला आणि विचारलं, "आता ही बुडाली नाही असं म्हणायचं का?" आईला उत्तर देता आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं बातम्यांत ते नाव यायचं, खुकरी अमुक सरावाला गेली, खुकरी तमुक बंदरात आली, आणि दर वेळी काकू आत निघून जायच्या. बाकीच्यांसाठी ते जहाजाचं नाव होतं. त्यांच्यासाठी ती एक जागा होती, जिथे त्यांचा माणूस आहे.

म्हणून मला वाटतं, बुडालेल्या नौकेचं नाव समुद्रालाच राहू द्यावं. ऑगस्ट २०१३ मध्ये सिंधुरक्षक पाणबुडी आपल्या मुंबईच्या गोदीत बुडाली, अठरा जण गेले. त्यांच्या घरच्यांनी तेच नाव पुन्हा टीव्हीवर ऐकावं का? त्यांना कोणी विचारणार आहे का?

सागरवेध (ठाणे पश्चिम)

ताई, तुमच्या बाजूने उदाहरणं आहेत. ब्रिटिशांची 'हूड' मे १९४१ मध्ये बुडाली, १,४१८ जणांतले फक्त तिघे वाचले. ते नाव त्यांनी पुन्हा कोणत्याही युद्धनौकेला दिलं नाही. आणि 'थेटिस' ही पाणबुडी जून १९३९ मध्ये चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली, ९९ माणसं गेली. ती वर काढली, दुरुस्त केली, पण नाव बदलून 'थंडरबोल्ट' केलं. त्या नावाने ती लढली आणि १९४३ मध्ये सिसिलीजवळ बुडाली.

उलट ऑस्ट्रेलियाची 'सिडनी'. नोव्हेंबर १९४१ मध्ये सगळ्या ६४५ माणसांसह गेली, एकही परत आला नाही. त्यानंतर त्यांनी आणखी तीन सिडनी केल्या. सध्याची पाचवी, २०२० ची. एकाच दुःखाला दोन देशांनी दोन उत्तरं दिली. माझा कल नाव ठेवण्याकडे आहे, पण तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे. घरच्यांना आधी सांगायला हवं. पेपरातून कळता कामा नये.

करंजाची_सून (उरण)

करंज पाणबुडीचं नाव आमच्या करंजावरून आहे, हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पहिली करंज १९६९ ते २००३, दुसरी १० मार्च २०२१ पासून. तसंच खांदेरी. थळच्या समोरचा तो किल्ला १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला. मायनाक भंडारींनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून काम चालू ठेवलं आणि त्या लढाईत कंपनीचं 'डव्ह' हे गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) आपल्या आरमाराने पकडलं. जून २०२५ मध्ये 'अर्नाळा' ही युद्धनौका आली, तीही त्या नावाची दुसरी. अर्नाळ्याचा किल्ला म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच.

पण मला सांगायचंय ते आमच्या होडीचं. माझे आजेसासरे वादळात होडीसकट गेले. होडीचे तुकडे मिळाले, ते मिळाले नाहीत. सासऱ्यांनी चार वर्षांनी कर्ज काढून नवी होडी बांधली. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नाव घालायची वेळ आली तेव्हा गावात दोन मतं होती. अपशकुन म्हणणारे होते. आजेसासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुनंच घाला, त्यांना समुद्रातून आपली होडी ओळखता आली पाहिजे.

तीच होडी बदलून आता तिसरी आहे, इंजिनवाली, फायबरची. नाव अजून तेच. दर नारळी पौर्णिमेला नाळेला हळदकुंकू लावताना मी त्या नावाला हात लावते. कोपरीच्या ताई, तुमच्या काकूंचं बरोबर नाही असं मी म्हणत नाही. आमच्याकडे आजीला आधी विचारलं होतं. काकूंना कोणी विचारलं नाही. फरक तिथे आहे.

डॉकवाला_कळवा

करंजाच्या ताई म्हणतात ते खरं.

कोपरीच्या ताई, काकूंचा तो प्रश्न वाचून काल झोप लागली नाही. आम्ही त्या टाकीत काम करत होतो तेव्हा आम्हाला वाटायचं की आम्ही त्या माणसांसाठी काहीतरी करतोय. त्यांच्या घरी ते कसं पोचेल हा विचार एकदाही आला नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि शक्य झालं तर त्या फिटरची गोष्ट सांगा. ते आता नाहीत, पण जुन्या खुकरीवरच्या माणसांना चेहऱ्याने ओळखणारा एक माणूस नवी खुकरी बांधत होता, एवढं त्यांना कळावं.

खाडीकाठ (नेरूळ)

काल बाबांना घेऊन उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचने गेलो. भाऊच्या धक्क्याहून लाँच सुटली की माझगावच्या गोदीतल्या करड्या नौका दिसतात. मी मोबाईल काढला तर शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं, इथे फोटो काढायचे नसतात. मी ठेवून दिला. बाबा म्हणाले, एक-दोन तरी अजून नाव नसलेल्या असतील. डॉकवाल्या काकांचा यार्ड नंबर आठवला.

कोपरी_पूर्व

रविवारी काकूंकडे बसून हा सगळा धागा वाचून दाखवला. करंजाच्या ताईंचा प्रतिसाद त्यांनी परत वाचायला लावला. मग फिटरची गोष्ट. त्या खडूच्या गोलाबद्दल त्यांनी तीनदा विचारलं, केवढा होता, कशासाठी काढला.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती दुसरी आता कुठे आहे?" मी सांगितलं, निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिला दीवला दिली. पहिल्या खुकरीचं स्मारकही तिथेच आहे. काकू एवढ्या वर्षांत दीवला कधी गेल्या नाहीत. आमंत्रणं यायची, त्या जायच्या नाहीत.

म्हणाल्या, "म्हणजे ही तिच्याजवळ जाऊन थांबली."

आज सकाळी मला हाक मारून विचारलं, दीवला कसं जातात. वांद्र्याहून वेरावळची गाडी आहे, पुढे गाडी करून जावं लागेल, असं सांगितलं. डिसेंबरात जायचं म्हणतायत, नऊ तारखेच्या आधी पोचायला. वय पंच्याहत्तर, गुडघे दुखतात. डॉकवाले काका, नौकेच्या आतले जिने फार उभे असतात का? त्यांना जमेल?

डॉकवाला_कळवा

उभे असतात. मुख्य डेकपर्यंत फळीवरून जाता येतं, ते जमेल. खाली जायचं असेल तर दोन्ही हातांनी दांडा धरायचा आणि उतरताना पाठमोरं उतरायचं, शिडी उतरतो तसं. साडी असेल तर पुढे एक माणूस खाली उभा पाहिजे.

तारीख ठरली की कळवा. मी येतो. कुठला जिना कुठे जातो ते मला अजून पाठ आहे.